कॉटरपिनीची सर्वसाधारण सभा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादा माणूस मोटारीखाली झोपून काही करत असेल, तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मेकॅनिक असेल असं समजून लोक त्याच्या पायांना वळसा घालून जातात. स्कूटर आडवी करून बसलेल्याला फार तर 'पेट्रोल आहे ना?' एवढं विचारतात. पण जुनी काळी सायकल उलटी करून, म्हणजे सीट आणि हँडल जमिनीला टेकवून, हातात पान्हा घेऊन कोणी बसला आणि नट सुटत नाहीये असं दिसलं, की तो नट त्याचा राहत नाही. तो सोसायटीचा होतो.

याला कारण आहे. पुणं हे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे बाहेरगावच्यांना ऐकून माहीत असतं. पुणेकरांना ते गुडघ्यांत माहीत असतं. इथल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाला सायकल दुरुस्त करता येते, किंवा येत होती, किंवा सायकलच्या दुकानाबाहेर उभं राहून त्याने इतके तास काढलेले असतात की आपल्याला येते अशी त्याची खात्री असते. हल्लीच्या मोटारीचं बॉनेट उघडलं तर आत काळ्या प्लास्टिकचं एक भलंमोठं झाकण दिसतं. त्यावर मत काय देणार? सायकलीचं सगळं कसं उघड्यावर. चेन दिसते, दाते दिसतात, तारा मोजता येतात. आणि जे दिसतं त्यावर बोलायचा हक्क आपल्याकडे जन्मतःच मिळतो.

सायकल अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ॲटलास, बावीस इंची, सळईच्या ब्रेकची, मागे एक पोतं सहज मावेल एवढं कॅरिअर. पुढच्या नळीवरच्या बिल्ल्यात पृथ्वी पेलून धरलेला ॲटलास उभा. सोनीपतला १९५१ साली ही कंपनी सुरू झाली, आणि २०२० मध्ये तिच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम थांबलं ते ३ जूनला, म्हणजे नेमकं जागतिक सायकल दिनी. इतका अचूक मुहूर्त पंचांग पाहूनही सापडत नाही.

अण्णांच्या मागे ती जिन्याखाली उभी राहिली. विकायची भाषा कोणी काढली की 'अण्णांची सायकल विकणार?' असं म्हणून त्याच्याकडे पाहिलं जायचं, आणि चालवायची भाषा काढली की सगळ्यांना आपापली कामं आठवायची. या दोन्हींच्या मधल्या काळात तिच्यावर गंज चढला.

गंज म्हणजे लोखंडाची झीज, असा एक समज आहे. सांध्यांच्या बाबतीत तो झीज कमी आणि सूज जास्त असतो. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये मुळात केसभर फट. त्या फटीत तो फुगतो आणि दोन्ही बाजूंना रेटून बसतो. आधी पाहुणा म्हणून येतो, मग जागा मागतो, मिळाली की सोडत नाही. पेठेतल्या वाड्यांत ज्यांनी भाडेकरू ठेवले आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पोलादाच्या नळीत पोलादाचा दांडा असेल तर एवढंच होतं. हल्लीच्या काही सायकलींत पोलादाच्या नळीत ॲल्युमिनियमचा दांडा असतो, तिथे दोन धातू आणि थोडं दमट पाणी मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. अण्णांच्या सायकलीत ॲल्युमिनियमचा तुकडा नव्हता. सगळं एका जातीचं, त्यामुळे भांडणही घरातलंच.

पहिला अडथळा मागच्या चाकाचं गोल कुलूप. याची किल्ली जगातल्या सगळ्या जुन्या सायकलींच्या बाबतीत हरवलेलीच असते. आईने किल्ल्यांचा डबा आणून पुढ्यात ठेवला. त्यात विकून टाकलेल्या कपाटाची, पाडून टाकलेल्या वाड्याची आणि कशाची ते कोणालाच माहीत नाही अशा पुष्कळ किल्ल्या होत्या. कुलूप शेवटी करवतीच्या पात्याने कापलं. डबा मात्र आईने पुन्हा जपून आत नेला.

हँडलपाशी सभेला प्रारंभ झाला. हँडलचा दांडा पुढच्या नळीत उतरलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर एक बोल्ट दिसतो. बोल्ट सैल केला, तरी हँडल जागचं हलेना. दोन पायांत पुढचं चाक धरून मी हँडल पिळत होतो, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका भाजीची पिशवी घेऊन थांबले. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांनी पिशवी कॅरिअरवर ठेवली, म्हणजे ते राहणार हे ठरलं.

"वर ओढून निघणार नाही ते," काका म्हणाले. "खाली ठोका."

हे त्यांचं बरोबर होतं, आणि त्या दिवसभरात त्यांचं जे मोजकं बरोबर आलं त्यातलं हे पहिलं, म्हणून मुद्दाम नोंदवतो. त्या बोल्टच्या खालच्या टोकाला, नळीच्या आत, एक पाचर असते. बोल्ट आवळला की ती पाचर वर खेचली जाते आणि दांडा आतून फुगवते. बोल्ट नुसता सैल केला तर पाचर तिथेच रुतून राहते. म्हणून बोल्ट दोन-चार फेरे ढिला करून, वर लाकडाचा ठोकळा ठेवून, हातोडीने एक ठोका खाली द्यायचा. पाचर खाली सुटते, हँडल वर येतं. बाहेर काढायची वस्तू आधी आत ठोकायची, हे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना काही केल्या पटेना. "अहो, आणखी आत जाईल ना ते!" म्हणून त्या दोन पावलं मागे सरल्या. ठोका बसला, आतून 'टक्' असं झालं आणि हँडल माझ्या हातात आलं. काकांनी अशा नजरेने इकडेतिकडे पाहिलं की जे आपापल्या बाल्कनीत उभे होते त्यांना खाली उतरणं भाग पडलं.

पेडलांच्या वेळी सात-आठ जण होते.

सायकलीच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं पेडल नेहमीच्या नटासारखं सुटतं, डावं त्याच्या विरुद्ध. पाय मारताना पेडलच्या दांड्यावरचा जोर गोल फिरत राहतो, आणि त्या फिरण्याने दोन्हीकडे सरळ आटे ठेवले तर डावं पेडल चालता चालता आपोआप उलगडत जाईल. ही युक्ती राइट बंधूंच्या खात्यावर जमा आहे. विमानाच्या आधी त्यांचं ओहायोतल्या डेटनला सायकलींचं दुकान होतं, आणि सुटणार नाही असं पेडल त्यांनी १९०० साली विकायला काढलं होतं. ज्यांनी पुढे माणसाला जमिनीवरून सोडवलं त्यांनी आधी पेडल न सुटण्याची सोय केली, आणि सव्वाशे वर्षांनी त्या सोयीशी पार्किंगमध्ये झुंजणं माझ्या वाट्याला आलं.

उलट्या आट्यांची गोष्ट तिथे सगळ्यांनाच माहीत होती. वाद होता तो डावं म्हणजे कोणतं याचा. सायकल उलटी ठेवलेली. काहीजण तिच्या पुढे उभे, काहीजण मागे. चालवणाऱ्याचं डावं, की बघणाऱ्याचं, की सायकल सरळ असती तर तिचं जे असतं ते? पहिल्या मजल्यावरच्या एका बँकवाल्यांनी तर डोळे मिटून, हवेत हँडल धरून, मनातल्या मनात सायकलवर बसून पाहिलं. त्यांचं उत्तर बरोबर आलं, पण डोळे उघडल्यावर ते कोणत्या बाजूला तोंड करून उभे होते यावरून पुन्हा घोळ झाला.

"त्यात एवढं काय आहे?" काका म्हणाले. "डावं-उजवं विसरा. साधा नियम आहे. पान्हा उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा. दोन्ही पेडलं सुटतात. सरका."

नियम शंभर टक्के खरा आहे. कोणत्याही जुन्या कारागिराला विचारा. फक्त तो सरळ उभ्या सायकलीचा आहे. सायकल उलटी असली की नियमही उलटा होतो, आणि पान्हा पुढच्या चाकाकडे ओढावा लागतो. काकांनी पान्ह्याला नळीचा तुकडा जोडून लांबी वाढवली, बँकवाल्यांना सायकल धरायला लावली आणि निवृत्तीनंतर शिल्लक होती ती सगळी ताकद लावून अण्णांनी १९६८ साली घेतलेल्या सायकलीचं पेडल त्या कारखान्यातही आवळलं नसेल इतकं आवळलं. "हललं," असं ते म्हणाले. हललं होतंच.

मी काही बोललो नाही. वयाने मोठे आहेत. शिवाय त्यांची भाजी अजून माझ्या ताब्यात होती.

पण हे सगळं किरकोळ. खरी सभा भरली ती कॉटरपिनीवर.

जुन्या सायकलीचे क्रँक, म्हणजे पेडलचे हात, मधल्या एक्सलवर ज्या एका तुकड्यामुळे घट्ट बसतात तो तुकडा म्हणजे कॉटरपिन. करंगळीएवढी पोलादी खुंटी, साधारण साडेनऊ मिलिमीटर जाड. तिची एक बाजू तिरपी तासलेली असते. क्रँकच्या भोकातून ती ठोकून आत घातली की तिरपी बाजू एक्सलच्या सपाट खाचेला दाबून बसते, दुसऱ्या टोकाला नट लागतो. पाचरच ती. माणूस उभा राहून चढावर जेवढा भार टाकतो तो सगळा या खुंटीतून जातो. परदेशात सायकलींमधून ती कधीच गेली. तिथल्या जुन्या सायकलींच्या शौकिनांना कॉटर दाबून काढायचं खास यंत्र घ्यावं लागतं, आणि नवी पिन मिळवायची तर शोधत बसावं लागतं. आपल्याकडे काळ्या सायकलींत ती अजून आहे, त्यामुळे कोणत्याही कोपऱ्यावर, एका चहाच्या पैशात मिळते. मिळण्याचा प्रश्न नव्हता. जुनी निघण्याचा होता.

नट काढला. पिन तशीच. हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. तशीच.

इथे एक सांगून ठेवतो. कॉटरला हलकेच ठोकणं हा तिच्या बाबतीतला सर्वांत मोठा अपराध आहे, आणि सभ्य माणसाच्या हातून तो हटकून घडतो. हलके ठोके पिनीला बाहेर ढकलत नाहीत, फक्त तिचं आट्याचं टोक चेपतात. चेपलेलं टोक फुलतं, फुललं की भोकातून जाईना, आणि मग पिन आधी होती त्याहून पक्की बसते. म्हणून नट पूर्ण काढायचाच नाही. पिनीच्या टोकाशी सपाट येईल एवढा ठेवायचा, म्हणजे आट्यांना आधार मिळतो. मी नट परत लावला, आणि याच क्षणी प्रत्येकाने आपापला पंथ जाहीर केला.

तेलवाल्यांचा पंथ सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत शांत. यांचं म्हणणं, घाई नको. घासलेट सोडा, रात्रभर ठेवा. घासलेट आता मिळतं कुठे, हा प्रश्न निघाला आणि रेशनच्या रांगेच्या आठवणींत बराच वेळ गेला. तळमजल्यावरचा आयटीतला मुलगा धावत जाऊन डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा घेऊन आला. हे द्रव्य १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने काढलं. डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि चाळीस म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून चाळीस. ते काढलं होतं कशासाठी, तर एका क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. त्या क्षेपणास्त्राचं नाव ॲटलास. हे मी सांगितल्यावर आयटीतला मुलगा फार खूश झाला. योग्य औषध योग्य रुग्णाला मिळतंय असं त्याला वाटलं. एकच अडचण होती. ते क्षेपणास्त्राला गंजायच्या आधी लावत असत.

अमेरिकेत लेकीकडे सहा महिने राहून आलेल्या एक आजी म्हणाल्या, तिथे जावई ॲसिटोन आणि गिअरचं तेल निम्मंनिम्मं मिसळून घालतो. हे मिश्रण खरोखर चालतं. ॲसिटोनमुळे तेल पातळ होऊन बारीक फटीत शिरतं. ॲसिटोन आणायचं कुठून? नेलपॉलिश रिमूव्हर! लगेच चौथ्या मजल्यावरून एक बाटली दोरीच्या टोपलीतून खाली आली. बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, यात ॲसिटोन नाही. ती बाटली तशीच वर गेली.

तापवणाऱ्यांचा पंथ संख्येने लहान पण आवाजाने मोठा. काकांनी आता इकडे प्रवेश केला होता. "उष्णतेने धातू प्रसरण पावतो," ते म्हणाले. "क्रँक तापवा. भोक मोठं होईल, पिन निघेल."

"भोक लहान होईल," भौतिकशास्त्राचे एक निवृत्त मास्तर होते, ते म्हणाले.

"मोठं."

"काका, धातू सगळीकडे फुगणार. भोकाच्या दिशेनेही फुगणार. म्हणजे भोक बुजणार."

हा वाद मी आयुष्यात पुष्कळदा ऐकलेला आहे आणि त्याने चांगल्या चांगल्या घरांतली जेवणं थंड झालेली पाहिली आहेत. मास्तरांनी जमिनीवर खडूने वर्तुळ काढलं. काकांनी त्याच्या बाहेर दुसरं काढलं. आयटीतल्या मुलाने मोबाइल काढला, पण दोघांनीही त्याला ठणकावून सांगितलं की विचार करायला शिक. शेवटी गेटवरचे वॉचमनदादा, जे इतका वेळ सगळ्यांच्या मागे उभे होते, त्यांनी हळूच विचारलं, "बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना बघितलीय का सायबांनी?"

कोणी बघितली नव्हती.

"लाकडाचं चाक आसतंय. त्याच्यावर लोखंडाची धाव. धाव चाकापेक्षा बारकी करत्यात लव्हार. मग जाळात लाल करायची, म्हंजे चाकावर उतरती. वरून पाणी मारलं की आवळून बसती. तापून भोक लहान झालं आसतं तर बसली आसती का?"

मास्तरांनी खडू खिशात ठेवला. काकांनी दादांच्या पाठीवर थाप मारली, जणू हा मुद्दा ते स्वतःच मांडणार होते. मग त्यांनी भाजीच्या पावतीमागे हिशेब केला. पोलाद एका अंशाला दशलक्षात बारा भाग वाढतं. क्रँक शंभर अंशांनी तापवला, भोक साडेनऊ मिलिमीटरचं. म्हणजे वाढ किती? तर मिलिमीटरचा सुमारे शंभरावा भाग. केसाच्या जाडीचा साधारण सहावा-सातवा हिस्सा. आणि भोकाबरोबर आतली पिनही तापली तर तीही तेवढीच फुगणार, मग हाती काय? पावतीवर इतका वेळ चाललेल्या वादाचं फळ पाहून दोन्ही पक्ष थोडे गप्प झाले. खरं तर तापवण्याचा उपयोग होतो तो या वाढीपेक्षा वेगळ्या कारणाने. तापणं आणि निवणं या ओढाताणीत गंजाचा थर तडकतो, आणि त्या तड्यांतून तेल आत झिरपतं.

म्हणजे दोन्ही पंथांनी एकत्र यायला हवं होतं. पण तेलवाल्यांनी सगळा क्रँक आधीच भिजवून ठेवलेला, आणि तापवणारे ब्लोटॉर्च आणायला निघाले होते. हे लक्षात आल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी वरूनच ओरडून सभा तहकूब केली.

सायकल उचलून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांकडे न्यायचं ठरलं. टायरमध्ये हवा नाही, पेडल घट्ट, हँडल वेगळं, त्यामुळे तिला नेणं म्हणजे मिरवणूकच झाली. काका पुढे, हँडल हातात धरून.

मामांच्या दुकानात आता पुढच्या बाजूला गिअरच्या रंगीत सायकली लटकतात. त्यांच्या खालची तेलकट लोखंडी पेटी मात्र जुनीच आहे. मामांनी हातातलं पंक्चर संपवलं. सोल्युशन वाळू दिलं, ठिगळ दाबलं, ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं, आणि आमच्यातले तीन जण एकदमच त्यांना कॉटरचा इतिहास सांगत होते. मग ते उठले. जमिनीवर एक जाड लोखंडी नळीचा तुकडा उभा केला आणि क्रँक त्यावर असा टेकवला की पिनीचं जाड टोक नळीच्या पोकळीवर यावं. हे महत्त्वाचं. आधार नसेल तर टोल्याचा निम्मा जोर एक्सलच्या छऱ्यांवर आणि कपांवर जातो आणि पिनीला नुसती बातमी पोचते. मग पेटीतून हातोडी काढली. माझ्या हातोडीपेक्षा दुप्पट वजनाची.

"सायकल धरा," एवढंच ते म्हणाले.

एक टोला. पिन नळीत पडल्याचा आवाज आला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उलट सगळे थोडे नाराज दिसले. आयटीतला मुलगा म्हणाला, "स्प्रेने सैल झालीच होती." मास्तर म्हणाले, "एकाच क्षणात जास्त बल, हेच मी म्हणत होतो," जे ते म्हणत नव्हते. दुसरी पिन मामांनी आम्हाला दाखवायचीही तसदी घेतली नाही. बोलता बोलता काढून टाकली. काकांनी आवळलेलं पेडल त्यांनी सायकल सरळ उभी करून सोडवलं, पान्हा मागच्या चाकाकडे ओढून. "फार आवळलंय कोणीतरी," असं म्हणाले. काका त्या वेळी दुकानातली एक लहान मुलांची सायकल फार बारकाईने पाहत होते.

पुढचे सांधे भराभर सुटले. मधल्या एक्सलचा उजवीकडचा कप, ज्याचे आटेही उलटे, तो त्यांनी टेबलाला बसवलेल्या पक्कडीत आवळला आणि कपाऐवजी सगळी फ्रेमच फिरवली. फ्रेमएवढा लांब पान्हा दुसरा कुठला मिळणार? फ्रीव्हीलला त्याच पक्कडीने चाकासकट गोल घुमवलं. फ्रीव्हील प्रत्येक पेडलाबरोबर आणखी आवळत जातं, म्हणजे अण्णांनी वर्षानुवर्षं चढलेला गणेशखिंडीचा सगळा चढ त्या आट्यांत साठलेला होता, आणि तो मामांच्या दोन झटक्यांत उतरला. छर्रे घासलेटात पडले. घासलेट मामांकडे होतं. कुठून मिळवलं ते त्यांनी सांगितलं नाही.

रंगाचा प्रश्न मध्येच निघाला. बँकवाल्यांच्या मते फ्रेम खरवडून झकास लाल मारावी. या बाबतीत मी हट्टी आहे. सोनेरी रेघा अजून अर्ध्या शिल्लक होत्या, आणि जुन्या सायकलीला नवा रंग दिला की ती जुनीही राहत नाही आणि नवीही होत नाही, नुसती लग्नाला निघाल्यासारखी दिसते. जुन्या सायकलींवरून आठवलं, कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल आहे. तिची घडी उघडायला पान्हा लागत नाही, हाताने फिरवायचे पंखाचे नट असतात. शत्रूच्या मुलखात सल्ला द्यायला शेजारी मिळतील याची खात्री नसल्याने ही सोय केली असावी.

राहिला फक्त सीटचा दांडा.

सीट उंच करायची होती. अण्णा माझ्याहून बुटके. त्यांनी ती त्यांच्या उंचीला लावली आणि नंतर कोणी हलवली नाही, म्हणून ती तिथेच कायम झाली. मामांनी क्लॅम्प सोडला, फ्रेम उलटी करून एक्सलच्या रिकाम्या पोकळीतून दांड्याच्या खालच्या बाजूने तेल सोडलं, दांड्याचं वरचं टोक पक्कडीत धरून फ्रेम फिरवायचा प्रयत्न केला. फ्रेम फिरली नाही, पक्कड बसवलेलं टेबल सरकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर पुन्हा.

या वेळी सगळी सोसायटी दुकानात हजर होती. मधल्या काळात आमची तिथे बसायची जागाही ठरून गेली होती. वॉचमनदादांनी धाव आणि पाणी यांची आठवण करून दिली. मास्तरांनी आता तापवण्याच्या बाजूने मत दिलं. काकांनी शेवटचा उपाय सांगितला, जो पुस्तकांतही शेवटचाच म्हणून दिलेला असतो. दांडा वरून कापायचा, आत करवतीचं पातं घालून नळीच्या आतल्या बाजूने तो उभा चिरायचा, आणि चिरलेला तुकडा आत वळवून ओढून काढायचा. चिरताना पातं फ्रेमला लागू द्यायचं नाही. काही तासांचं काम. काका स्वतः बसायला तयार होते. त्यांनी हातमोजे आणले होते.

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"जरा उभे राहा सायकलपाशी."

मी उभा राहिलो. त्यांनी सीटची उंची माझ्या कमरेशी ताडून पाहिली.

"किती कमी पडतंय? दोन बोटं?"

"तीन असेल."

"दोनच आहे." त्यांनी माळ्यावरून एक सीट काढली. जाड, खाली मोठ्या मोठ्या स्प्रिंगा असलेली, दूधवाल्याच्या सायकलीला असते तशी. जुन्या सीटशेजारी धरून दाखवली. ती बरोबर दोन बोटं उंच होती.

"एवढ्यासाठी फ्रेम कशाला चिरायची?"

"अहो मामा, पण हा उपाय नाही झाला!" काका हातमोजे हलवत म्हणाले. "मूळ प्रश्न तसाच राहिला. दांडा अडकलेलाच आहे!"

"राहू द्या की," मामा सीटचा नट आवळत म्हणाले. "त्याला कुठं जायचंय?"

आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली.